बुजवलेली खाडी

सोमवार, ४

मी डायरी लिहिणारा माणूस नाही. डायरीवाले लोक मनात एक ठेवतात आणि कागदावर दुसरंच उतरवतात, असा माझा अनुभव आहे. पण या महिन्यात जे होणार आहे त्याची सरळ नोंद कुणीतरी ठेवायला हवी, आणि आमच्या संस्थेत सरळ नोंद ठेवणारा माणूस एकच आहे.

आमच्याकडे कॉम्प्युटरवर पृथ्वी चालवतात. सगळा गोल चौकोनांत कापलेला आहे. प्रत्येक चौकोनात हवा, पाणी, बर्फ, माती यांचे आकडे, आणि ते अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे सरकवत शंभर वर्षांचं हवामान काढायचं. कोड लिहितात ते सगळे डॉक्टरेटवाले. तपासतो मी. मी इथे मशीनच्या खोलीत टेपा बदलायला लागलो होतो. ही मंडळी जी पुस्तकं रद्दीत टाकायची ती घरी नेऊन शिकलो. आज त्यांच्यातल्या एकाचीही ओळ माझ्या सहीशिवाय पुढे जात नाही. सगळे मला फौजदार म्हणतात. म्हणू देत.

माझ्या टेस्टच्या मांडणीला मी चाळणी म्हणतो. मी स्वतः तयार केलेला एक संदर्भ-रन आहे, म्हणजे मॉडेल एकदा चालवून जपून ठेवलेलं उत्तर. कोडमध्ये कुणी काहीही बदललं की तो कोड चालवायचा आणि उत्तर संदर्भाशी ताडायचं, शेवटच्या आकड्यापर्यंत. जुळलं तर पास, नाही जुळलं तर परत. नवीन काही घालायचं असेल तर त्याला बटण लावावं लागतं, आणि बटण बंद केलं की जुनंच उत्तर यायला हवं. अकरा वर्षं हा नियम आहे. मधे मशीन दोनदा बदललं. दोन्ही वेळा नव्या मशीनचा कान पिळून तेच उत्तर काढून घेतलं.

आज समुद्रवालीचा बदल नापास केला. समुद्राचा भाग सांभाळायला चार महिन्यांपूर्वी आलेली ही बाई. नाव मीच ठेवलं, आता सगळे तेच म्हणतात. दुपारी दारात येऊन उभी.

"काका, नापास का केलंत?"

मी बावन्न वर्षांचा आहे. ती पस्तिशीची असेल. काका!

"उत्तर बदललंय."

"बदलणारच ना. चूक काढल्यावर उत्तर बदलणार नाही तर काय होणार?"

"कुठली चूक?"

"एका मोठ्या नदीचं पाणी समुद्रात पोचतच नाही. किनाऱ्यापर्यंत येतं आणि तिथं गायब होतं. मी मुख दोन चौकोन पलीकडे सरकवलंय, बस."

"मग बटण द्या."

"कसलं बटण? पाणी गायब करायचं?"

"हो. नियम आहे."

"काका, घर गळत असेल तर दुरुस्त करताना परत गळायची सोय ठेवता का तुम्ही?"

"माझ्या घराचं छप्पर मी स्वतः घातलंय. गळत नाही."

ती वळून गेली.

महिनाअखेर, २९ तारखेला, मॉडेलच्या या आवृत्तीला कुलूप लागणार. मग शंभर वर्षांचे मोठे रन सुरू होतील. जगभरच्या संस्थांची उत्तरं शेजारी-शेजारी मांडतात, त्यात आमचंही जाणार. एकदा कुलूप लागलं की पुढची काही वर्षं कुणी त्यात बोट घालायचं नाही. म्हणून ही धावपळ.

वजन ७१. गेली सहा वर्षं ७१ आहे. हे सहज होत नाही.


मंगळवार, ५

कॅन्टीनमध्ये रांगवाला भेटला. मोठ्या मशीनवर कुणाचा रन कधी लावायचा ती रांग हा सांभाळतो. माणूस आळशी, पण माझं ऐकतो. म्हणाला, "फौजदार, समुद्रवाली तुमच्या नावानं बोटं मोडतेय."

"मोडू दे. बोटं तिची आहेत."

त्याला खाडीची गोष्ट पुन्हा सांगितली. नवीन लोकांना ठाऊक नसते म्हणून इथेही लिहून ठेवतो. संदर्भ-रन करताना मॉडेल तिसऱ्या वर्षात पोचलं की कोसळायचं. पाच डॉक्टरेटवाले डोकं धरून बसले होते. मी एकेक चौकोन बघत गेलो आणि शोधलं. एका किनाऱ्यावर चिंचोळी खाडी होती, रुंदी जेमतेम एक चौकोन. पाणी आत शिरायचं आणि उसळायचं. मी तो चौकोन बुजवला. पाण्याचा होता, जमिनीचा केला. त्या दिवसापासून मॉडेल लोण्यासारखं चालतंय. तेव्हाचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "फौजदार, तुम्ही पृथ्वी दुरुस्त केलीत."

रांगवाला म्हणाला, "माहीत आहे हो. पाठ झालंय आम्हाला."

पाठ होणं चांगलंच.


गुरुवार, ७

साहेबांनी मीटिंग घेतली. हल्लीचे साहेब, म्हणजे संचालक. चांगला माणूस, पण सतत थकलेला. कुणी काही म्हटलं की "हं, पुढे" म्हणतो.

समुद्रवालीने पडद्यावर चित्र लावलं. त्या किनाऱ्यापुढचा समुद्र आमच्या मॉडेलमध्ये खऱ्यापेक्षा खारट निघतो. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, इथे त्याला मॉडेलचा स्वभाव म्हणतात. तिचं म्हणणं, स्वभाव वगैरे काही नाही, नदीचं गोडं पाणी पोचत नाही म्हणून खारट.

मी विचारलं, "पाणी हरवत असतं तर वर्षाच्या पाण्याच्या मेळात कमी आलं नसतं?"

"मेळ घालणारा भागच तर ते झाकतो. पाणी कमी पडलं की तो तेवढं पाणी सगळ्या समुद्रांवर शिंपडतो. बेरीज बरोबर दिसते. पाणी भलतीकडे."

"हा तुमचा तर्क झाला."

"आणि तुमची चाळणी म्हणजे काय? कालचं उत्तर आज आलं का, एवढंच बघते. काल चुकलं असेल तर चूक जपून ठेवते. लोणच्यासारखी."

रांगवाला हसला. नंतर माझ्याकडे बघून थांबला.

मी उभा राहिलो. "अकरा वर्षांत या चाळणीतून एक चूक सुटलेली नाही."

"सुटली नाही हे कशावरून कळलं? चाळणीवरूनच ना?"

साहेब म्हणाले, "हं, पुढे." मग चष्मा काढून डोळे चोळले आणि जे बोलले ते शब्दशः लिहितो: "२९ च्या आत मला दोन गोष्टी सांगा. हा बदल घ्यायचा की नाही. आणि चाळणी ठेवायची की मोडीत काढून दुसरं काही आणायचं."

मोडीत.

चार महिन्यांपूर्वी आलेली बाई.


शुक्रवार, ८

रांगवाल्याकडून कळलं की समुद्रवालीने तिचा नापास कोड मोठ्या मशीनवर लावलाय. चाळणीची सही नसताना. नियम सरळ आहे, सहीशिवाय रांग नाही.

साहेबांना ईमेल केला. त्यात एकही विशेषण नाही, फक्त तारीख, वेळ, नियमाचा क्रमांक. तीन वेळा वाचून पाठवला. शेवटी "योग्य ती कारवाई व्हावी" लिहिलं होतं, ते खोडून "नोंद व्हावी" केलं. मला सूड घ्यायचा नाही. मला फक्त नोंद हवी आहे.


रविवार, १०

सुट्टी असूनही घरात शांतता नाही. पँट कंबरेला बसत नव्हती. मी म्हटलं, धुवून-धुवून आटलीय.

बायको म्हणाली, "चारी पँटी एकदम आटल्या? ठरवून?"

"वजन ७१ आहे. रोज बघतो."

"अहो, काटा सहा वर्षं तेच सांगतोय. तुम्हाला संशय नाही येत?"

"काटा चोख आहे. रोज तेच वजन दाखवतो, यालाच चोख म्हणतात."

ती दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. हात पुसत न्हाणीघराच्या दारात आली आणि भाषणच सुरू केलं. "आमच्या मशीनला आम्ही रोज सकाळी आधी ठाऊक असलेला नमुना पाजतो. त्यात साखर किती आहे ते आम्हाला माहीत असतं. मशीन तेवढीच सांगतंय का ते बघतो, मग पेशंटचं रक्त. कालचं मशीन काय म्हणालं हे कोण विचारतं?" आणि आत जाऊन पाच किलोची पिठाची न फोडलेली पिशवी आणून काट्यावर टेकवली.

काट्याने दोन दाखवले.

"बघा," ती म्हणाली.

"दुकानदार चोर आहे," मी म्हटलं. "उद्या जाऊन भांडतो."

तिने पिशवी उचलली आणि स्वयंपाकघरात गेली. मग आतून हसण्याचा आवाज आला. भांडण सोडून हसायचं, ही तिची जुनी पळवाट.


सोमवार, ११

साहेबांनी समुद्रवालीचं नाव रांगेतून काढलं. महिनाभर तिला मोठं मशीन बंद.

दहाच्या सुमाराला ती आली. या वेळी काका वगैरे नाही.

"तुम्ही माझी तक्रार केलीत?"

"नोंद केली."

"समोरच्या खोलीत बसते मी. सांगायचं होतं."

"नियम सांगितला होता. बटण लावा, पास करतो."

"त्या बटणानं काय होईल माहीत आहे तुम्हाला? उद्या कुणीतरी ते बटण बंद ठेवून शंभर वर्षं चालवेल, आणि पाणी परत गायब. का, तर फौजदाराला जुनं उत्तर आवडतं म्हणून!"

"आवाज खाली."

"तुम्हाला उत्तर बरोबर हवंय की तेच हवंय?"

"बरोबर आहे म्हणूनच ते तेच आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाकडे बघतो. मला असल्या नजरेची चीड आहे. मशीनच्या खोलीत होतो तेव्हा हे लोक असेच बघायचे, टेप हातात देताना.

"दार लावून जा," मी म्हटलं. तिने उघडंच ठेवलं.


बुधवार, १३

सकाळी दाढी करताना एक कल्पना सुचली. माझी मलाच इतकी आवडली की गालाला कापलं.

समुद्रवाली म्हणते पाणी गायब होतं. मी म्हणतो हिचं पाणी हवेतून येतं. कारण उत्तर बदललंय, म्हणजे हिने कुठूनतरी जास्तीचं पाणी आत सोडलंय. मग मोजूनच बघू. पाऊस बंद. वाफ बंद. बर्फ बंद. मेळ घालणारा भागही बंद, त्याला बटण आहे आणि ते मीच लावायला लावलं होतं. अशी कोरडी ठाक पृथ्वी घ्यायची आणि प्रत्येक नदीच्या उगमाशी आपल्याला ठाऊक असलेलं, मोजलेलं पाणी ओतायचं. वर्षभर चालवायचं. शेवटी जमिनीत, नद्यांत आणि समुद्रात मिळून किती आहे ते मोजायचं. जेवढं ओतलं तेवढंच निघायला हवं.

हिच्या कोडमध्ये जास्त निघेल. तो आकडा घेऊन मी मीटिंगला जाईन.

याला मापाची चाचणी म्हणणार. अशी चाचणी इथल्या एकाही डॉक्टरेटवाल्याला आजवर सुचलेली नाही. अशा गोष्टी पुस्तकात नसतात, डोक्यात असाव्या लागतात.


गुरुवार, १४

दिवसभर चाचणी लिहिली. एकेक नदी, तिचं मुख, तिचा चौकोन. बायकोने फोन करून विचारलं, दुकानदाराशी भांडलात का. वेळ नाही म्हटलं.


सोमवार, १८

दोन्ही आवृत्त्या रांगेतून बाहेर आल्या.

एकीत ओतलेलं आणि निघालेलं पाणी शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं. इतकं सारखं की बघत राहावं. दुसरीत कमी.

कमी निघालेली आवृत्ती जुनी आहे. माझी.

आधी वाटलं फाइलींची नावं उलटी पडली. तपासली. उलटी नाहीत. मग वाटलं रांगवाल्याने घोळ केला. त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "फौजदार, मी फक्त रांग लावतो. पाणी पीत नाही."

चाचणीत चूक असणार. उद्या काढतो.


मंगळवार, १९

चाचणीत चूक नाही.

एकेका नदीत वेगवेगळं पाणी ओतून पाहिलं. सगळ्या पोचतात. एक पोचत नाही. तीच, बाईने सांगितलेली. पाणी वरून व्यवस्थित येतं, प्रत्येक चौकोनात जेवढं हवं तेवढं असतं, आणि मुखाच्या चौकोनाशी आलं की पुढे समुद्र नाही. तिन्ही बाजूंना जमीन. कोडला पुढचा चौकोन सापडत नाही, तो पाणी शून्य करतो आणि पुढच्या अर्ध्या तासाला लागतो. एक साधी सूचनासुद्धा छापत नाही. निर्लज्ज कोड.

मुखाच्या चौकोनाची ओळ आणि रकाना पाहिला. आकडे ओळखीचे वाटले. नकाशा उघडला. शेजारचा चौकोन म्हणजे मी बुजवलेली खाडी.

योगायोग आहे. खाडी बुजवली तेव्हा नद्यांचा तक्ता वेगळा होता. बहुतेक वेगळाच होता. खात्री करायला जुन्या टेपा लागतील आणि त्या भंगारात गेल्या. त्यामुळे या बाबतीत कुणालाच काही म्हणता येणार नाही, आणि जे म्हणता येत नाही ते मी लिहीत नाही.

जेवण गेलं नाही. बायकोने ताट पुढे सरकवलं. "काय झालंय?"

"काही नाही."

"काही चुकलं असेल तर सांगून मोकळे व्हा."

"माझं काय चुकणार?"

"तेच म्हणते मी. तुमचं कधी काही चुकत नाही, म्हणून तर या घरात कुणी तुमच्याशी वाद घालत नाही." आणि भांडी गोळा करू लागली.

हे कौतुक की टोमणा ते कळलं नाही. विचारलंही नाही.


बुधवार, २०

आज काही केलं नाही. ही दोन उत्तरं फक्त माझ्या मशीनवर आहेत. पुसून टाकली तर कुणाला कळणारही नाही. बदल नापास, चाळणी शाबूत, २९ ला कुलूप.

दुपारभर बसून राहिलो. आकडा डोळ्यांसमोरून हलेना. जेवढं ओतलं तेवढं निघालं नाही. असा आकडा माझ्या समोर असताना मी सही कशी करणार? माझी सही आहे ती.

तिच्यासाठी नाही. आकड्यासाठी.


शुक्रवार, २२

मीटिंग. मी स्वतःहून आधी बोललो.

"साहेब, चाळणीत मी एक नवीन टेस्ट घातली आहे. मापाची चाचणी. तिने जुन्या आवृत्तीतला दोष पकडला आहे. एका नदीचं पाणी हरवतं." आकडे दाखवले. "बदल पास करायला माझी हरकत नाही. बटणाशिवाय."

साहेबांनी चष्मा काढून पुन्हा घातला.

"म्हणजे ही म्हणत होती तेच?"

"ही अंदाजाने म्हणत होती. मी मोजून म्हणतोय."

समुद्रवाली हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसलीच. उद्धटपणा अंगातच असतो एखाद्याच्या.

साहेब म्हणाले, "पण अकरा वर्षं हे चाळणीतून सुटलं कसं?"

मी उत्तर जुळवत होतो. रांगवाला टेबलाकडे बघत होता. तेवढ्यात तीच मधे बोलली. "मेळ घालणारा भाग झाकत होता, सर. कुणालाही दिसलं नसतं."

तिला कुणी विचारलं होतं? मधे तोंड घालायची सवय.

"आणि नदी तिथं अडकली कशानं?"

"किनारा जुना आहे, सर. पाणी पोचतंय आता. कुणी कधी काय केलं ते आता कशाला उकरायचं."

हिला संस्थेचा इतिहास माहीत नाही, हे यातून दिसलं.

साहेब म्हणाले, "हं. चाळणी ठेवा. ही मापाची चाचणी तिच्यात कायमची घाला. जुना संदर्भ-रन मात्र पुसा. आता ही दुरुस्त आवृत्ती म्हणजेच नवीन संदर्भ." आणि माझ्याकडे वळून, "चांगलं काम केलंत."

चाळणी वाचली. घरी जाताना जिने चढून गेलो, लिफ्ट घेतली नाही. धाप लागली, पण ती उन्हाने.

बायकोला सांगितलं. चाचणी कशी सुचली तेही सांगितलं. ठाऊक असलेलं पाणी ओतायचं आणि तेवढंच निघतंय का बघायचं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "दाढी करताना सुचलं?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. "पीठ पाच किलोच होतं बरं का. मी लॅबमध्ये मोजून आणलं." काय संबंध?


सोमवार, २५

रांगवाल्याने बातमी आणली. समुद्रवालीची नेमणूक या महिनाअखेरपर्यंतचीच होती, ती वाढवली नाही. फाइलवर तक्रार असली की वाढत नाही, म्हणे. जातेय.

"तुमच्या ईमेलमुळे," तो म्हणाला.

"मी नोंद केली होती. तक्रार नाही."

"फाइलला तेवढं बारीक वाचता येत नाही, फौजदार." आणि उठून गेला. चहा अर्धा ठेवून. एरवी माझ्यासमोरून उठायची त्याची हिंमत नसते.

दुपारी साहेबांना ईमेल लिहायला घेतला. "दिनांक ८ च्या नोंदीबाबत." पुढे काय लिहायचं? नोंद खोटी नव्हती. सही नसताना तिने रन लावला होता, हे आजही खरंच आहे. नंतर तिचं बरोबर निघालं म्हणून नियम आधीपासून चुकीचा ठरत नाही. मसुदा तसाच ठेवलाय.


गुरुवार, २८

समुद्रवाली किल्ल्या द्यायला आली होती. खोली रिकामी केली म्हणाली. मी बसा म्हटलं नाही, तरी बसली.

"काका, एक सांगून जाते. रागावू नका."

"रागावायचा प्रश्न नाही. बोला."

"मी मुख सरकवलं तो वळसा आहे. खरं दुखणं त्या खाडीत आहे. खाडी बुजली म्हणून नदी कोंडली. आता उसळी आवरायची सोय कोडमध्ये आहे, तुमच्या नियमाप्रमाणे बटण लावलेली. ती चालू ठेवली तर खाडी उघडली तरी पाणी उसळणार नाही. मी करून पाहिलंय. कधीतरी उघडा."

"मग तुम्हीच का नाही उघडलीत?"

"तुम्ही उघडू दिली असती?"

मी टेबलावरचे कागद सरळ केले. नंतर विचारलं, "खाडी मी बुजवली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. माझ्या पहिल्याच दिवशी, कॅन्टीनमध्ये. सगळ्यांना सांगता."

"मग मीटिंगमध्ये बोलला नाहीत."

"गरज काय होती? पाणी पोचलं ना." किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि उठली. "मापाची चाचणी मात्र झकास आहे हं, काका. मनापासून. ती मला सुचली नव्हती."

या वेळी दार लावून गेली.

मी बराच वेळ विचार केला. मीटिंगमध्ये ती गप्प का बसली? पुरावा नव्हता, हेच खरं. टेपा भंगारात गेलेल्या. पुरावा नसताना बोलली असती तर मी तिला तिथल्या तिथे गप्प केलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. घाबरली. तरी चाचणीला झकास म्हणाली, एवढा प्रामाणिकपणा तिच्यात आहे हे नोंदवतो.

२५ चा मसुदा अजून आहे. आज उघडला. दोन ओळी जास्त लिहिल्या. "संबंधित व्यक्तीचे काम तांत्रिकदृष्ट्या." इथे थांबलो. ती तर निघालीच आहे. आता पाठवून काय.


शुक्रवार, २९

कुलूप लागलं. साहेबांनी सगळ्यांना पेढे नाहीत तर निदान बिस्किटं दिली. रांगवाला माझ्यापासून दूर उभा होता.

नवीन संदर्भ-रन सकाळी तयार केला. दुरुस्त आवृत्तीचा. त्या किनाऱ्यापुढचा समुद्र आता खारट नाही. मॉडेलचा स्वभाव गेला. सगळे पडद्यासमोर उभे राहून बघत होते, आणि एक जण म्हणाला, समुद्रवाली असायला हवी होती. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे बहुतेक मुद्दामच.

खाडी उघडायचा प्रश्न आला तर माझं उत्तर तयार आहे. आवृत्तीला कुलूप आहे.

जुना संदर्भ-रन मीच पुसायचा होता. आज्ञा टाइप केली. मशीनने विचारलं, नक्की? आधी दुसऱ्या एका डिस्कवर प्रत काढली आणि मग हो म्हटलं. साहेबांनी पुसा म्हटलं होतं, प्रत काढू नका असं म्हटलं नव्हतं.


शनिवार, ३०

बायकोने नवीन वजनकाटा आणलाय. पाय ठेवला. ७४. जुन्यावर ठेवला, ७१. पुन्हा नव्यावर, ७४. तिला म्हटलं, परत करून ये, बिघडलेला आहे.

"पिठाची पिशवी ठेवून बघू?" तिने विचारलं. चेहरा सरळ, पण डोळे हसत होते.

"नको," मी म्हटलं.

पट्ट्याला खिळ्याने एक भोक पाडून घेतलं. जुना काटा फेकायला ती कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली होती. मी हातातून घेतला आणि कपाटावर ठेवला. ती रिकाम्या हाताने आत गेली. हल्ली ती वाद घालत नाही.

दुपारी ती बाहेर गेल्यावर डिस्क काढली. घरच्या मशीनवर मॉडेलची दुरुस्तीआधीची आवृत्ती आहे. ती मॉडेलमधल्या दोन दिवसांपुरती चालवली आणि जुन्या संदर्भाशी ताडली.

शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं. अकरा वर्षांत एक थेंबही इकडचा तिकडे झालेला नाही.